घोरणं, मशीन आणि साडेअकरा किलो

वजन कमी केलं की स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा थांबण्याचा आजार, जातो का, असं गेल्या वर्षभरात मला बऱ्याच जणांनी विचारलं. त्यात बायका जास्त, आणि सुरुवात बहुतेकींची एकच: "माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारत होते." नवरा घोरला की घरात त्याची चेष्टा होते, बाई घोरली की विषयच निघत नाही. म्हणून घडलं तसं, आकड्यांसकट लिहून काढते. मी ४९ वर्षांची, कोल्हापुरात एका पतसंस्थेत हिशेब बघते. उंची १५६ सेंटिमीटर. जून २०२४ मध्ये वजन ८६ किलो होतं.

डॉक्टरकडे गेले ती घोरण्यासाठी नाही. सकाळी उठलं की डोकं जड असायचं, चहा झाल्यावर तासाभरानं उतरायचं. दुपारी तीननंतर व्हाउचरवरचे आकडे नाचायला लागायचे. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागे. पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं, त्यामुळे काहीही सांगितलं की उत्तर ठरलेलं, "या वयात होतंच असं." हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर अशा तपासण्यांना १,८०० रुपये गेले. थायरॉइड ठीक निघालं. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रक्तदाब गोळी चालू असतानाही १४६/९२. हाती पडल्या त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. पाळी गेल्यावर बायकांमध्ये स्लीप ॲप्नियाचं प्रमाण वाढतं आणि त्यांच्या तक्रारी बऱ्याचदा थकवा, डोकेदुखी, झोपमोड अशा सौम्य शब्दांत येतात, हे मला फार नंतर कळलं.

मुलगी पुण्याहून सुट्टीला आली आणि माझ्या शेजारी झोपली. दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइलवर रेकॉर्डिंग ऐकवलं. घोरणं चढत जातं, मग एकदम काहीच नाही, आणि मग पाण्यातून वर यावं तसा मोठा गचका. मधली शांतता तिनं मोजली होती, एका ठिकाणी ४० सेकंद. "आई, बप्पी लाहिरींना हेच होतं ना?" २०२२ च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा सगळ्या बातम्यांत ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया हे नाव आलं होतं. तेव्हा मीही वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. असं रेकॉर्डिंग करून घ्याच. पुढे प्रत्येक डॉक्टरनं माझ्या सांगण्यापेक्षा त्या दोन मिनिटांवर जास्त विश्वास ठेवला.

कुठल्या डॉक्टरकडे जायचं हा पहिला घोळ. मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले, ६०० रुपये. नाकाचं हाड किंचित वाकडं आहे, पण हा प्रकार त्यामुळे नाही म्हणाले आणि छातीविकार तज्ज्ञांची चिठ्ठी दिली. आपल्याकडे झोपेतल्या श्वासाचे आजार बहुतेक ठिकाणी तेच बघतात. तिथे एक प्रश्नावली भरून घेतली: वाचताना, टीव्ही बघताना, बसमध्ये डुलकी लागण्याची शक्यता किती. २४ पैकी १० च्या वर गेलात तर दिवसाची झोप जास्त समजतात. माझे १५ आले. मग टेपनं मानेचा घेर मोजला, ४१ सेंटिमीटर. आजवर ब्लाउजसाठी छाती-कंबर मोजली होती, मान कुणी मोजली नव्हती.

झोपेची तपासणी घरी उपकरण नेऊनही होते, साधारण पाच हजारांत. माझा रक्तदाब बघता डॉक्टरांनी लॅबमध्येच करायला सांगितली. लॅबमध्ये खाट एकच, त्यामुळे तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. ११,००० रुपये. "रद्द झालेल्या तारखेत बसवता येईल का?" असं विचारून नंबर देऊन ठेवा, कुणाकुणाला लवकर मिळते.

बायकांसाठी काही गोष्टी सांगते, कारण मला कुणी सांगितल्या नव्हत्या. आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल अजिबात लावू नका, डोक्याला चिकटवलेल्या तारा निसटतात. नेलपॉलिश काढा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात. मंगळसूत्र, बांगड्या घरी ठेवा. गाऊनपेक्षा पुढून उघडणारा सैल सदरा आणि पायजमा बरा, कारण छातीला आणि पोटाला पट्टे बांधतात. तंत्रज्ञ पुरुष असेल तर सोबत बाई हवी असं आधीच सांगा. माझी जाऊ आली होती, ती बाहेरच्या बाकावर माझ्यापेक्षा छान झोपली. मला वाटलं होतं, एवढ्या वायरींत डोळा कसला लागतोय! पण लागला. रात्री मध्येच तंत्रज्ञानं नाकावर मास्क चढवला, म्हणजे अर्धी रात्र तपासणी आणि अर्धी रात्र मास्कमधून दाबानं हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या मशीनचा (सीपॅप) दाब ठरवणं, एकाच खर्चात.

रिपोर्ट आठवड्यानं मिळाला. त्यातला मुख्य आकडा एएचआय: तासाला किती वेळा श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा फार उथळ झाला. पाचपर्यंत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. माझा ३४. ऑक्सिजन खाली ७६ टक्क्यांपर्यंत गेला होता. हे वाचून हातपाय गार पडले. तरीही एक प्रकारची सुटकाही वाटली, की मी आळशी नाही, मला काहीतरी झालंय.

डॉक्टरांनी कागदावर घशाचं चित्र काढून दाखवलं. झोपेत स्नायू सैल पडतात. घशाभोवती चरबी असेल तर मुळात अरुंद वाट आणखी मिटते. चरबी जिभेतही साठते, ही माझ्यासाठी नवी माहिती. वजन घटल्यावर जिभेतली चरबी कमी होते आणि श्वास सुधारण्यात तिचा वाटा मोठा असतो, असं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये एमआरआय करून दाखवलंय. पोटावरचा भार आडवं झाल्यावर फुप्फुसांना वर ढकलतो, ते वेगळंच.

मग मी तो प्रश्न विचारला. वजन कमी केलं तर मशीन नको ना? त्यांचं उत्तर मला तेव्हा आवडलं नव्हतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लोकांवर वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासात १० टक्के वजन घटलं तर एएचआय साधारण २६ टक्के कमी होईल, असा अंदाज २००० साली निघाला. मधुमेह असलेल्या लठ्ठ माणसांवरच्या २००९ च्या अभ्यासात लोकांनी वर्षभरात सरासरी जवळजवळ ११ किलो उतरवले, तरी आजारातून पूर्ण सुटले ते सातातला एखादा. "वजन हा उपचार आहे," ते म्हणाले, "पण तो वर्षभरानं लागू पडणार. तोपर्यंत रोज रात्री ऑक्सिजन ७६ वर नेऊन चालणार नाही. मशीन आजपासून, वजन आजपासून, आणि १० टक्के उतरलं की पुन्हा तपासू." म्हणजे ७७ किलोच्या आसपास.

विम्याचं लिहायलाच हवं. लॅबमधली रात्र क्लेममध्ये बसेल असं वाटून मी कागद पाठवले. नामंजूर. केवळ तपासणीसाठी दाखल होणं पॉलिसीत वगळलेलं असतं. मशीनही घरी वापरायचं उपकरण म्हणून दिलं नाही. वाद घातला नाही, कारण पॉलिसीच्या कागदावर ते खरंच छापलेलं होतं. पण तोच कागद नीट वाचताना एक कलम सापडलं. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा खर्च एरवी वगळलेला असला, तरी बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ४० किंवा जास्त असेल, अथवा ३५ किंवा जास्त असून सोबत तीव्र स्लीप ॲप्निया, अनियंत्रित टाइप २ मधुमेह किंवा हृदयाचे ठरावीक आजार असतील, आणि साधे उपाय करून झालेले असतील, तर तो मिळू शकतो. विमा नियामकाचं प्रमाणित कलम आहे, बहुतेकांच्या पॉलिसीत बघायला मिळेल. माझा बीएमआय ३५.३, एएचआय ३४. दोन्हीकडे काठावर, पण आत. ज्यांना शस्त्रक्रिया सुचवली आहे त्यांनी आहारतज्ज्ञाच्या प्रत्येक भेटीची पावती आणि नोंदवलेलं वजन जपून ठेवावं. साधे उपाय केले याचा पुरावा तोच. मी त्या वाटेला गेले नाही, आधी आहार करून बघायचं ठरवलं. पण फाइल त्याच हिशेबानं ठेवली.

ऑगस्ट २०२४ मध्ये सीपॅप मशीन भाड्यानं आणलं, महिना ४,००० रुपये. एकदम विकत घेऊ नका. नाकाचा मास्क की नाक-तोंड दोन्हीचा, हे महिनाभर वापरल्याशिवाय कळत नाही. पहिले काही दिवस मी रात्री तीनला मास्क काढून फेकायची. दुपारी टीव्ही बघताना जागेपणीच मास्क लावून बसायचं, ही तंत्रज्ञाची युक्ती कामी आली. सासूबाई सुरुवातीला खोलीच्या दारात उभ्या राहून बघायच्या, मग म्हणाल्या, "आवाज तरी गेला बाई." सप्टेंबरमध्ये दाब आपोआप कमीजास्त करणारं मशीन ४२,००० ला आणि मास्क ५,५०० ला घेतला. पावसाळ्यात आमच्याकडे रात्री लाइट जाते तेव्हा मशीन बंद पडून जाग येते, म्हणून बेडरूमचा एक प्लग इन्व्हर्टरवर घेतला. इलेक्ट्रिशियनचे ३५० रुपये, पण सगळ्या खर्चात हा सर्वात सार्थकी लागला.

सकाळचं डोकं दुखणं दोन आठवड्यांत गेलं. रात्रीचं उठणं एकावर आलं. आणि वजन? ते वाढलं! सप्टेंबरअखेर ८७.२. मी डॉक्टरांकडे जवळजवळ भांडायलाच गेले. ते शांतपणे म्हणाले, असं होतं. मशीन लावल्यावर सरासरी वजन किंचित वाढल्याचं अभ्यासांत दिसलंय. रात्रभर श्वासासाठी झगडण्यात शरीर जी ऊर्जा जाळत होतं, ती आता वाचते. "झोप लागली की वजन आपोआप उतरतं" असं सांगणारे व्हिडिओ मी तोवर पाहिले होते. मशीननं मला दिली ती दुपारी तीननंतरची शुद्ध. संध्याकाळी चालायला जाण्याइतका जीव. उतरवायचं काम वेगळं करावं लागतं.

ऑक्टोबरमध्ये आहारतज्ज्ञ गाठल्या. पहिल्या भेटीचे ८००, पुढे महिन्याला ५००. गेले तेव्हा नवरात्र चालू होतं आणि माझे नऊ दिवसांचे उपास. दिवसभर काय खाल्लं ते लिहून दिलं: सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वेफर आणि केळं, रात्री पुन्हा खिचडी आणि बटाट्याची भाजी. बाईंनी पेननं फक्त "प्रथिनं?" असं लिहून कागद परत दिला. उपास सोडायला त्यांनी सांगितलं नाही. साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी किंवा भगर, सोबत वाटीभर दही, शेंगदाणे मोजून मूठभर. पुढच्या वर्षीच्या नवरात्रात त्या नऊ दिवसांत वजन वाढलं नाही.

एरवीचं गणित दिवसाला साधारण १,३०० कॅलरी आणि ७० ग्रॅम प्रथिनं. सकाळी दोन अंडी किंवा मूगडाळीचं धिरडं, दुपारी एक ज्वारीची भाकरी आणि दोन वाट्या उसळ, चारला ताक आणि फुटाणे, रात्री आठच्या आत जेवण. कोल्हापुरात बुधवार-रविवार मटण चुकत नाही, ते बाईंनी बंद केलं नाही. चार फोडी आणि तांबडा रस्सा घ्या, खोबरं-काजू-तिळाचा पांढरा अर्धी वाटी, आणि भाताचा डोंगर नको. मला वाटतं, मटण तोडायला सांगितलं असतं तर मी दुसऱ्या भेटीला गेलेच नसते. भडंगाचा डबा मात्र ऑफिसच्या टेबलावरून हलवला. साडेचारची ती मूठ-मूठ किती होते ते एकदा वजनकाट्यावर टाकून बघा.

चालणं रंकाळ्यावर. सुरुवातीला गुडघे बोलायचे, म्हणून फिजिओथेरपिस्टकडून मांड्यांचे व्यायाम शिकले. त्यानं खुर्चीवर बसता-उठता यायला लागलं आणि मगच वेग वाढवला. जुलै-ऑगस्टच्या पावसात चालणं जिन्यात आणि हॉलमध्ये.

मार्च २०२५ पर्यंत ८०.५ झालं, आणि तिथेच अडकलं. दोन महिने काटा हलेना. त्याच सुमारास टिर्झेपाटाइड या औषधाचं वजन उतरवणारं इंजेक्शन, मौंजारो, भारतात आलं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं (एफडीए) लठ्ठपणासोबत मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्यांसाठी हेच औषध मान्य केलं होतं. चाचण्यांत वर्षभरात सरासरी १८ ते २० टक्के वजन उतरलं आणि एएचआयही चांगलाच खाली आला. मी स्वतःच विषय काढला. डॉक्टर उत्सुक होते, मी हिशेब मांडला: तेव्हाच्या दरानं आठवड्याच्या एका डोसला कमी मात्रेत ३,५०० आणि पुढच्या मात्रेत ४,३७५, म्हणजे महिना १४,००० ते साडेसतरा हजार. औषध थांबवलं की वजन बऱ्यापैकी परत येतं, हेही त्यांनी लपवलं नाही. माझ्या पगारात मुलीच्या फीसोबत ते बसत नव्हतं. घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. परवडतं आणि डॉक्टर देखरेख करतायत तर का घेऊ नये? आहारतज्ज्ञांनी माझ्या बाबतीत संध्याकाळचं जेवण आणखी लवकर केलं, डंबेल आणायला लावले आणि मे महिन्यापासून काटा परत सरकू लागला. सावकाश. कधी महिन्याला पाऊण किलो, गणपतीच्या महिन्यात शून्य. मोदक खाल्ले. दोन.

वजन उतरताना मशीनकडेही लक्ष ठेवावं लागतं, हे फारसं कुठे लिहिलेलं दिसत नाही. ७७ च्या आसपास सकाळी पोट फुगलेलं असायला लागलं, ढेकरा यायच्या. हवा पोटात जात होती. डॉक्टरांनी मशीनमधलं नोंदींचं कार्ड वाचलं: आधी रात्री दाबाचा आकडा ११.७५ पर्यंत चढायचा, आता ९ च्या आतच काम होत होतं. वरची मर्यादा कमी केली, ढेकरा थांबल्या. ज्यांचं मशीन एकाच ठरलेल्या दाबाचं आहे त्यांनी तर हे वेळेवर दाखवायलाच हवं. आणि चेहरा उतरला की मास्क गळतो. मास्कची छोट्या मापाची गादी घ्यावी लागली, ३,२०० रुपये.

डिसेंबर २०२५ मध्ये वजन ७४.५. म्हणजे सुरुवातीपेक्षा साडेअकरा किलो कमी, १३ टक्क्यांच्या थोडं वर. मान साडेसदतीस सेंटिमीटर. पुन्हा तपासणी लागली, यावेळी दर १२,०००. आधीच्या काही रात्री मशीन बंद ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे खरं चित्र दिसेल. तेवढ्या रात्रींत दुपारची झापड परत आली, त्यावरून निकालाचा अंदाज मला आलाच होता.

एएचआय १३. ऑक्सिजन ८६ च्या खाली गेला नाही. तीव्रवरून सौम्य. त्यातही पाठीवर झोपल्यावर २४ आणि कुशीवर ६. रक्तदाब १२८/८२, साखर ५.७. डॉक्टर खूश होते. मला हसू आलं आणि मग रडूही, कारण आत कुठेतरी ५ च्या खालचा आकडा धरून ठेवला होता. त्यांनी तीन वाटा सांगितल्या: कमी दाबावर मशीन चालू ठेवणं, पाठीवर झोपता येऊ नये अशी पट्टी बांधून कुशीवर झोपणं आणि पुन्हा तपासणं, किंवा खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण बनवून घेणं. दुपारची झापड लक्षात घेता मी तूर्त पहिली घेतली. आणखी चार-पाच किलो उतरले तर दुसरी वाट घरच्या तपासणीवर अजमावायची ठरली आहे.

बरं वाटतंय म्हणून मशीन स्वतःहून बंद करणारे दोघे माझ्या ओळखीत आहेत. घोरणं कमी झालं म्हणजे श्वास थांबणं थांबलं असं नसतं, तो आकडा तपासणीतच कळतो.

खर्चाचा ढोबळ हिशेब विचाराल तर दोन तपासण्या २३,०००, मशीन-मास्क-भाडं मिळून ५५ हजारांच्या घरात, आहारतज्ज्ञ आणि डॉक्टरांच्या भेटी पंधरा हजारांच्या आसपास. विम्यातून काही नाही. बिलं घेताना पेशंटचं नाव, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मशीनचा सिरियल नंबर बिलावर आहे का ते दुकानातच बघा. माझ्या पहिल्या बिलावर नवऱ्याचं नाव पडलं होतं आणि वॉरंटीत पाइप बदलून घ्यायला तेवढ्यावरून दोन फेऱ्या झाल्या. रिपोर्ट मागताना एका पानाचा सारांश नको, कुशीवर-पाठीवर वेगळे आकडे असलेली पूर्ण प्रत मागा. पुढची तारीख जूनमधली आहे, त्या वेळी कार्ड आणि दोन्ही रिपोर्ट सोबत न्यायचे.